जुळाऱ्याची पायवाट

२ फेब्रुवारी

ती. ताईस,

नमस्कार. वाकून केला असं समज. प्रत्यक्षात वाकलो की पाठ धरते.

तू पडलीस हे मला तुझ्या घरमालकीणबाईंच्या पत्रातून कळावं, तेही महिना उलटून गेल्यावर, याला काय म्हणायचं? मागच्या पत्रात मी सहज विचारलं की थंडी कशी आहे, तर तू दोन पानं भरून थंडीबद्दलच लिहिलंस. खुब्याचं हाड मोडलं, आत पट्टी बसवली, काठीशिवाय पाऊल पडत नाही, एवढं सगळं त्या दोन पानांत कुठे मावलं नाही वाटतं.

बाई लिहितात, तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरणं तुला आता जमत नाही, आणि गॅलरीतल्या कुंड्यांना त्यांची सून पाणी घालते. ताई, तू सगळा जन्म रोपवाटिकेत काढलास. दिवसभर उकिडवी बसून कलमं बांधायचीस. तुझ्या कुंड्यांना दुसरं कुणी पाणी घालतंय हे वाचून मला जेवण गेलं नाही.

तर आता ऐक. माझ्याकडे ये. चार दिवस नाही, राहायलाच ये. घर बैठं आहे, जिन्याची भानगड नाही. पुढची खोली रिकामी करून झाडून पुसून ठेवली आहे. छापखाना बंद पडल्यापासून मी एकटा घरात असतो आणि भांड्यांशी बोलतो. परवा कढईला रागावलो.

आई गेली तेव्हा मला नाकही पुसता येत नव्हतं. तू मला वाढवलंस, शाळेत घातलंस, शाळा जमेना तेव्हा छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायला चिकटवलंस. लग्न झालं तेव्हाही मला बरोबर घेऊन गेलीस, आणि भाऊजी बिचारे काही बोलले नाहीत. आता तुझं काही करायची पाळी माझी आहे आणि ती तू मला देत नाहीस. हे मला लागतं, म्हणून सरळ लिहितो.

नाही म्हणायचं असेल तर कारण लिही. थंडीबद्दल नको.

तुझा,
खिळ्या


१७ फेब्रुवारी

खिळ्यास,

आशीर्वाद. या वर्षाचे सगळे एकदमच देते, पुरवून वापर.

मालकीणबाईंच्या पोटात काही राहत नाही. पडले, उठले, झालं. त्यात कळवण्यासारखं काय होतं? तू लगेच धावत आला असतास आणि माझ्या उशाशी बसून रडला असतास. म्हणजे तुला गप्प करायचं काम पुन्हा मलाच.

तुझ्याकडे येऊन मी करू काय, ते सांग. तू चहा करणार, तू भाकऱ्या थापणार, तू धुणं वाळत घालणार आणि मी खुर्चीत शोभेच्या बाहुलीसारखी बसणार. मला असं बसता येत नाही. इथे निदान माझ्या खोलीची मी मालक आहे.

आणि तुझं ते परस. मागच्या खेपेला आले होते तेव्हा मागच्या दारातून पाऊल बाहेर टाकलं आणि चप्पल चिखलातच राहिली. तेव्हा माझे दोन्ही पाय धड होते. आता काठी धरून गेले तर मला उपटून काढायला माणसं बोलवावी लागतील. जिथे मला परसात जाता येत नाही, तिथे मी चार भिंतींत कोंडून घ्यायला येणार नाही.

तेव्हा एक अट. मागच्या दारापासून दगडी पायवाट कर. स्वतःच्या हाताने कर, मजूर लावलेस तर मला कळेल. झाली की बघू.

या कागदाच्या पाठीमागे रेघ काढून दिली आहे. दार खाली आहे. वाट सरळ निघते, मधे वळते आणि जिथे फूल काढलंय तिथे संपते. तिथेच संपली पाहिजे, भलतीकडे नको. वीतभर खोल चर खण. तळाला विटांचे तुकडे आणि खडी टाकून चांगली ठोक, त्यावर वाळू, वाळूत दगड. रुंदी एवढी ठेव की माझ्या शेजारून आणखी एक माणूस चालू शकेल.

हे वाचूनच तुझी पाठ धरेल अशी माझी खात्री आहे, आणि मग हा विषय संपेल.

तुझी,
ताई


९ मार्च

ती. ताईस,

या वेळचा नमस्कार खरोखर वाकून आहे, कारण बरेच दिवस मला सरळ होताच आलेलं नाही.

विषय संपलेला नाही. चर खणून झाला. दगडही मिळाले. आमच्या गल्लीच्या टोकाला एक जुनं घर पाडतायत. मालक म्हणाला, हवे तेवढे दगड न्या, तेवढाच माझा उपसा वाचेल. शेजारचे ड्रायव्हरसाहेब मदतीला आले. आयुष्यभर बस चालवली, आता हातगाडी मिळाली म्हणून खूश आहेत. ते पुढे उभे राहून वळण सांगतात, ढकलतो मी. कोपऱ्यावर थांबून हॉर्न वाजवायचंच काय ते बाकी ठेवतात.

तुझा कागद मी मागच्या दाराच्या चौकटीला टाचणीने लावून घेतला, एकदा नीट बघितला आणि चुन्याची रेघ आखली. तू म्हणतेस तसं खाली खडी, वर वाळू. दगड मात्र मी माझ्या पद्धतीने बसवतोय. जुळाऱ्याला एकच विद्या येते, लहानमोठे तुकडे असे शेजारी लावायचे की एकही हलता कामा नये. छापखान्यात पान जुळलं की चहूबाजूंनी आवळायचं आणि उचलून बघायचं. एक जरी खिळा गळून पडला तरी पहिल्यापासून सुरुवात. इथे पायवाट उचलून बघता येत नाही, म्हणून मी प्रत्येक दगडावर उभा राहून डावीउजवीकडे डोलतो. ड्रायव्हरसाहेबांच्या बायकोने कुंपणावरून हा प्रकार पाहिला आणि नवऱ्याला हळूच विचारलं की यांना बरं नाही का.

खिळ्यांची उंची सगळी एक असावी लागते, नाहीतर छपाई कुठे काळी कुठे पांढरी येते. दगडांचीही मी तशीच केली. वाटेच्या पहिल्या तुकड्यावर पट्टी ठेवून बघितली, कुठे केसभर फरक नाही. मोठ्या ऐटीत बादलीभर पाणी ओतलं, तर ते पाहुण्यासारखं तिथेच बसून राहिलं. आता काय करू?

तुझा,
खिळ्या


२२ मार्च

खिळ्यास,

काय करू म्हणजे? उखड. ती पायवाट आहे, तिच्यावरून काही छापायचं नाहीये. मधून किंचित उंच आणि कडेला किंचित उतरती ठेव, म्हणजे पाणी बाजूच्या मातीत जाईल. डोळ्यांना उतार दिसता कामा नये पण पाण्याला कळला पाहिजे.

दुसरं. फटी. माझ्या काठीला खाली रबराचं टोपण आहे, रुपयाएवढं. ते अडकेल अशी फट ठेवलीस तर मी पुन्हा आडवी होईन आणि तुझ्या नावाने बोंब मारेन. दगड जवळ लाव, उरलेल्या फटीत वाळू भर आणि झाडूने लोट. दोन दिवसांनी वाळू खाली बसेल, पुन्हा भर.

तिसरं. गुळगुळीत बाजू वर ठेवली असशील, मला ठाऊक आहे. तुला सगळं चकचकीत लागतं. खरबरीत बाजू वर कर. ओल्या दगडावरून पाय सटकतो तेव्हा तो किती सुंदर होता हे कुणी बघत नाही.

तू हे मनावर घेशील असं मला वाटलं नव्हतं. खरं सांगते, मी अट घातली ती तू नाद सोडावास म्हणून. आता रोज सकाळी उठले की वाटतं, आज हा कुठपर्यंत पोचला असेल. मालकीणबाईंना तुझं डोलण्याचं वाचून दाखवलं. त्या अजून हसतायत, मीही हसले, खुबा दुखेपर्यंत.

फूल काढलंय तिथे मोकळी जागा किती आहे? आणि माती कशी आहे ते लिही, विसरू नकोस. मीही इथे थोडी आवराआवर काढली आहे. कसली ते विचारू नकोस.

तुझी,
ताई


१० एप्रिल

ती. ताईस,

झाली. पायवाट झाली. मी स्वतः केली, हे मला अजून खरं वाटत नाही, आणि ड्रायव्हरसाहेबांना तर मुळीच वाटत नाही. ते म्हणतात निम्मी त्यांची आहे.

उतार दिला. खरबरीत बाजू वर केली, त्यासाठी पहिला तुकडा सगळा उपसावा लागला आणि तुझी आठवण वेगळ्याच शब्दांत काढली. फटी अशा भरल्यात की मुंगीला वाट शोधावी लागेल. काल ड्रायव्हरसाहेबांच्या सासऱ्यांची काठी मागून आणली आणि लंगडत लंगडत या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन आलो. कुठे अडकत नाही. परतताना डोळे मिटून आलो. पायांना आपोआप कळतं.

माती विचारली होतीस. मुरमाड आहे, कडक, दगड अगदी पक्के बसले. आणि शेवटी जागा मोकळी आहे, दोन माणसांना आरामात बसता येईल. तिथे मी बाक टाकलं आहे. छापखाना मोडला तेव्हा कागद ठेवायची एक लाकडी घडवंची मी घेऊन आलो होतो, तिचे पाय कापून, घासून, पाठ टेकायला फळी ठोकली. तुतीचं झाड आता एवढं पसरलंय की तिथे दिवसभर ऊन येत नाही. थंडगार असतं. तू सकाळी नुसतं जाऊन बसायचं. पेपर मी आणून देईन, चहा मी आणून देईन. तुला इकडची काडी तिकडे करायची नाही.

आता सबब नको. कधी येतेस ते लिही.

तुझा,
खिळ्या


२९ एप्रिल

खिळ्यास,

पायवाट चांगलीच झाली असेल. तू मेहनत घेतलीस, वाचून बरं वाटलं.

माझं येणं जमत नाही. डॉक्टर प्रवास नको म्हणतात. तेव्हा वाट बघू नकोस आणि पुढची खोली कुणाला भाड्याने द्यायची तर देऊन टाक.

तुतीखाली तू बसत जा. तब्येतीला जप.

ताई


६ मे

ती. ताईस,

तुझं कार्ड आलं तेव्हा मी रागावलो. कार्ड टेबलावर आपटलं, मग ते उचलून पुन्हा वाचलं, मग पुन्हा आपटलं. तू अट घातलीस, मी ती पुरी केली, आणि तू माझ्या तोंडाला पानं पुसलीस. पुढची खोली भाड्याने दे म्हणे. मी तुला चांगलंच खरमरीत पत्र लिहायला बसलो होतो.

त्यात लिहिणार होतो की तू सांगितलंस ते सगळं मी एकूण एक केलं. म्हणून खात्री करायला तुझा कागद चौकटीवरून काढला आणि मागच्या दारात उभा राहून समोर धरला.

ताई, तुझी वाट उजवीकडे वळते. माझी डावीकडे वळली आहे.

मी कागद फिरवून बघितला, स्वतः फिरून बघितलं. ड्रायव्हरसाहेबांना हाक मारली. त्यांनी कागद बघितला, पायवाट बघितली आणि म्हणाले, "मी वळणं सांगितली ती रस्त्यावरची. इथली तुमची तुम्ही घेतलीत." 

कसं झालं ते सांगतो. खिळे उलटे जुळवायचे असतात. कागदावर जे डावीकडे उमटायला हवं ते हातात उजवीकडे धरायचं. सगळी हयात हेच केलं, त्यामुळे समोर कागद आला की हात उलटाच चालतो, डोक्याला विचारायलाही थांबत नाही. चुन्याची रेघ आखतानाही थांबला नाही. आणि डोक्याने हरकत घेतली नाही, कारण डावीकडे तुती होती. काठी टेकत माणूस परसात जाणार तो सावलीत बसायलाच, असं ते धरून चाललं होतं.

मग मी तुझ्या फुलाच्या जागी जाऊन उभा राहिलो. पायवाट नाही, म्हणून ढेकळं तुडवत गेलो. तिथे लख्ख ऊन होतं. शेजारी पाण्याची टाकी. मूठभर माती उचलली, काळी आणि भुसभुशीत. तू माती का विचारत होतीस ते तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं. तुला तिथे वाफे करायचे होते. भाजी लावायची होती, रोपं करायची होती.

म्हणजे तू माझ्याकडे राहायला येणार नव्हतीस. कामाला येणार होतीस. घरात लागेल तेवढं पिकवून दिलं की मग भावाचं जेवण घशाखाली उतरेल, असा तुझा हिशेब होता. आणि मी लिहिलं की इकडची काडी तिकडे करायची नाही. मला वाटलं याहून चांगली गोष्ट मी तुला लिहूच शकत नाही.

आता एक विचारतो, त्याचं उत्तर दे. तू मला वाढवलंस तेव्हा माझा तुला काय उपयोग होता? मी शाळेतून पळून यायचो, तुझ्या कलमांच्या दोऱ्या पतंगाला बांधायचो, आजारी पडलो की तुझा हात सोडायचो नाही म्हणून तुझं काम बुडायचं. याला घरात ठेवून मिळतं काय, असं तू एकदा तरी मनात आणलंस का? नाही ना? मग तुझ्या बाबतीत मी ते मनात आणेन असं तुला का वाटतं?

दगड उखडायला मी तयार आहे. तू फक्त हो म्हण, उद्यापासून सुरू करतो आणि या खेपेला कागद आरशात धरून काम करतो. तुला वाफे हवेत तर वाफे कर, अख्खं परस खणून काढ, मी आडवा येणार नाही. पण तू वाफ्यांसाठी हवी आहेस असं समजू नकोस. एकही रोप लावलं नाहीस, दिवसभर लोळत राहिलीस, माझ्यावर खेकसलीस, तरी मला तू हवी आहेस. चहात साखर जास्त घालतोस असं म्हणायला या घरात कुणी नाही. मी घालतो आणि पितो.

तुझा,
खिळ्या


१५ मे

खिळ्यास,

आरशात धरून काम करतो, हे वाचलं आणि मी एवढ्या मोठ्याने हसले की मालकीणबाई काय झालं बघायला धापा टाकत वर आल्या. त्या वर पोचेपर्यंत मी रडत होते. त्यांनी मला पाणी दिलं, आणि मी पहिल्यांदाच "नको, मी घेते" असं म्हटलं नाही.

डॉक्टरांनी प्रवासाला कधीच नाही म्हटलेलं नाही. मी खोटं लिहिलं. तुझं ते बाकाचं पत्र आलं तेव्हा माझ्या बियांच्या पुड्या बांधून तयार होत्या. माझी ती आवराआवर म्हणजे हीच. कुंड्या मालकीणबाईंच्या सुनेला देऊन टाकल्या होत्या. आणि तू लिहिलंस, तुतीखाली, ऊन येत नाही, काडी हलवायची नाही. मला वाटलं, झालं, यानेसुद्धा मला निकामी ठरवलं. पडल्यापासून जो येतो तो मला बसा म्हणतो. बसा, आम्ही करतो. बसा, तुम्ही कशाला उठलात. प्रेमानेच म्हणतात. पण मी मुद्दाम उन्हाची जागा काढून दिली असताना तू मला उचलून सावलीत ठेवलंस, आणि मला वाटलं की तू कागद बघून, विचार करून तसं केलंस. चूक असेल असं माझ्या मनातही आलं नाही. तू जुळारी आहेस हे मी विसरले.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर देते. नाही. कधीच मनात आलं नाही. तू रात्री तापाने फणफणत माझं बोट धरून ठेवायचास, तेव्हा काम बुडतंय याचा मला राग नाही यायचा. मला वाटायचं, कुणाला तरी मी एवढी हवी आहे. हे मी तुला आजवर सांगितलं नाही, कारण तू तेवढ्यानेही शेफारला असतास.

तुझ्यासाठी ते मला इतकं सोपं होतं, आणि स्वतःसाठी जमत नव्हतं. पंधरा दिवस तुझं पत्र उशाशी घेऊन निजते आहे असं लिहिणार होते, पण ते येऊन आठवडाही झालेला नाही. तसं वाटतं मात्र.

दगड उखडू नकोस. एकही हलवलास तर बघ. तू इतक्या मेहनतीने चुकलास, ते मोडायला माझा जीव होणार नाही. मी आधी तुतीखाली बसून बघते. नुसतं बसायचं मला येत नाही, शिकावं लागेल, आणि शिकताना मी चिडचिड करीन. तिथून टाकीकडे उन्हात जायची वाट पुढे कधीतरी बघू. झाली तर झाली. नाही झाली तरी मी परत जायची नाही.

खोली सोडते असं मालकीणबाईंना आज सांगितलं. येत्या गुरुवारी सकाळच्या बसने निघते. दुपारी पोचेन. सामान फार नाही. इथे बसमध्ये चढवायला सून येणार आहे, त्याची काळजी नको.

पण तिकडे उतरायचं आहे. बसच्या पायऱ्या उंच असतात आणि मला आता एकटीने उतरता येत नाही. कुणाचा तरी हात लागतो. हे मी डॉक्टरांनाही सांगितलेलं नाही, त्यांना म्हटलं सगळं जमतं. तू स्टँडवर ये. दाराशीच उभा राहा, लांब नको. हात दे मला.

तुझी,
ताई